दादाने भरलेली हवा

दादा झोपेतच गेला. दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरायचं म्हणून त्याने स्वतः हवा भरून ठेवलेली टाकी तशीच राहिली. वहिनीने त्याचे कपडे वाटून टाकले, पण ती पिवळी ॲल्युमिनियमची टाकी काही कुणाला हलवू दिली नाही. वर्षानुवर्षं कपाटाशेजारी उभी, भरलेलीच. आता लेक डायव्हिंग शिकली आणि अडून बसली, उतरेन तर बाबांचीच टाकी घेऊन. म्हणून वहिनी ती घेऊन धाकट्या दिराच्या दुकानात आली. टाक्या तपासणं हा त्याचा धंदा. नापास टाकीला भोक पाडायचं, म्हणजे पुन्हा कुणी भरणार नाही, हा त्याचा नियम. त्यात तो सख्ख्या बापाचंही ऐकणारा नव्हता.

त्याने टाकीच्या मानेवर कोरलेलं साल वाचलं. त्या काळच्या त्या धातूचा काही भरवसाच नाही.

"वहिनी, आतून बघायची तर आधी रिकामी करावी लागेल."

"सगळी?"

"सगळी."

"मग हळू सोडा, भावोजी."

त्याने व्हॉल्व्ह किंचित फिरवला. गार हवा सुंसुं करत बाहेर आली. वहिनी खुर्ची ओढून समोर बसली आणि डोळे मिटून ती हवा तोंडावर घेत राहिली. पाना शोधायच्या निमित्ताने दिराने पाठ फिरवली.

आवाज थांबल्यावर त्याने व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडला, मानेत छोटा आरसा फिरवला. आट्यांवरून केसाएवढी चीर खाली गेली होती. "चीर आहे, वहिनी. नापास." स्टील गंजतं, ते निदान दिसतं तरी. ही ॲल्युमिनियमची मेली आतल्या आत तडकते, आणि भरून ठेवली की मानेवर रात्रंदिवस ताण. रिकामी असती तर कदाचित टिकलीही असती.

"भावोजी, मी भरलेली ठेवली म्हणून तर नाही ना झालं?"

टाकीच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता.

"छे हो. वयच झालं होतं तिचं."

वहिनीने मान हलवली. "व्हॉल्व्ह लावून टाका ना परत. तळाशी यांची हवा थोडी उरली असेल."

त्याने टाकी आडवी बांधली आणि ड्रिल लावलं. भोक पडताच वहिनीने पटकन त्यावर तळहात दाबून धरला.

"वहिनी, गरम आहे ते."

तिने हात काढला नाही.