हिरव्यावरचा गंज

मी एक जुनी पिकअप गाडी आहे, मित्रांनो. ‘जुनी’ हा शब्द मी स्वतः वापरला तर चालतो. दुसऱ्या कुणी वापरला, तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरूच होत नाही. स्वभाव असतो एकेकाचा! पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, आणि डाव्या दाराची एक काच, जी खाली जाते आनंदाने पण वर येताना कुरकुर करते. एवढाच माझा संसार.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला रंग कुणी दिला, कसा दिला, ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी कुठे आठवतं तुमचं बारसं? आणि एक गंमत सांगते. गाडीला स्वतःचा रंग कधीच दिसत नाही. माझ्याकडे तीन आरसे आहेत, पण तिन्हींत दिसतो मागचा रस्ता. मी हिरवी आहे, हे मला लोकांच्या तोंडून कळलं. “काय हिरवीगार आहे हो!” असं दुकानात येणारा जो तो म्हणायचा आणि मी मनातल्या मनात फुलून जायचे.

एक दिवस एक तरुण सुतार आपल्या नव्या बायकोला घेऊन दुकानात आला. तिथे एक पांढरी पिकअप होती आणि एक मी. दुकानदाराने विचारलं, “कोणता रंग?” सुतार बायकोकडे बघून म्हणाला, “तू म्हणशील तो.” ती लाजली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. झालं! मी त्या घरची झाले.

मग काय विचारता माझा थाट! सुताराने बनवलेली कपाटं, पलंग, पाळणे, शाळेची बाकं, सगळं माझ्या हौद्यातून घरोघर गेलं. सामानाखाली जुनी ब्लँकेटं घालायची, वरून दोर आवळायचा, दोराला टिचकी मारून आवाज ऐकायचा, मगच निघायचं, अशी त्याची पद्धत. मोठा हुशार हात होता त्याचा. फळीवरून नुसती बोटं फिरवून तो सांगायचा, इथे केसाएवढा उंचवटा आहे. लाकूड कोणतं ते वासावरून ओळखायचा. त्याच्या रंध्यांच्या, पटाश्यांच्या, करवतींच्या मुठी त्याने स्वतः निळ्या रंगवल्या होत्या. अंगणापलीकडच्या त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात भिंतीवर ती निळी रांग लटकलेली असायची आणि दार उघडं असलं की मी अंगणातून ती बघत बसायचे.

रोज सकाळी तो माझ्या बॉनेटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, “काय बाई, निघायचं का?” त्या एका थापेवर मी दिवसभर चढ चढायचे. त्याला मुलगी झाली, ती माझ्याच हौद्यात खेळली, माझ्यावरच गाडी चालवायला शिकली. शिकताना तिने मला फाटकाच्या खांबावर घातलं, तो पोचा माझ्या मागच्या कोपऱ्यावर अजून आहे. मला त्याचा राग नाही. लेकीने दिलेला आहे.

आणि मग, मित्रांनो, मला गंज धरला.

आधी दाराच्या खालच्या कडेला एक ठिपका आला. मग चाकांच्या वरच्या कमानीला फोड आले. मग ते फुटून पापुद्रे निघू लागले. मी वाट बघत होते की आज दिसेल याला, उद्या दिसेल. तो यायचा, बॉनेटवर थाप मारायचा, दार उघडून बसायचा आणि गंज जणू नाहीच. माझ्या डोक्यात तिडीक जायची! फळीतली केसाएवढी फट ज्याला खपत नाही, त्या माणसाला माझ्या दारावरचा तळहाताएवढा डाग दिसू नये? मी मनाशी ठरवून टाकलं, याचं माझ्यावरचं मन उडालं. मग मीही गाल फुगवले. थंडीत मुद्दाम चार वेळा किल्ली फिरवायला लावायचे.

अशी वर्षं गेली. मग एकदा आम्ही एका घरी नवीन कपाट पोचवायला गेलो. कपाट उतरवताना माझ्या दाराचा एक मोठा पापुद्रा सुटला आणि त्यांच्या पांढऱ्या स्वच्छ पायरीवर पडला. घरमालकीण म्हणाली, “कपाट सुरेख आहे हो, पण ही गाडी पुन्हा दारात आणू नका.” सुताराची लेक आता बापाच्या कामात हाताशी आली होती. ती घरी येऊन म्हणाली, “बाबा, आता पुरे. लोक आधी गाडी बघतात, मग काम.”

सुताराच्या बायकोने तर भंगारवाल्याला बोलावूनच घेतलं. तो माझ्याभोवती फिरला, एक लाथ घालून चाक बघितलं (काय ही रीत!) आणि म्हणाला, “रविवारी येतो दोर घेऊन.”

सुतार ओट्यावर बसला होता. तो हळूच म्हणाला, “मला तेवढे दिवस द्या. मी हिला रंगवतो. रविवारी ती कुणाच्या दारात उभी करायच्या लायकीची दिसली नाही, तर खुशाल न्या.”

गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तेवढ्यात माझ्यासारखी दुसरी गाडी आली असती. तेव्हा ठरलं, घरीच रंगवायची. फाटकांना, खिडक्यांच्या गजांना लावतात तो साधा ऑइलपेंट, हिरव्याचे दोन डबे. फोमचा एक रोलर. खरखरीत आणि मऊ पॉलिश पेपर. गंजासाठी तांबडा प्रायमर. काचांवर चिकटवायला जुनी वर्तमानपत्रं. बस्स, एवढी तयारी.

सोमवारी त्याने माझ्या अंगाला हात घातला आणि मी थक्क झाले. पंचवीस वर्षं हा माणूस मला ओळखतो असं मला वाटत होतं, पण त्याचा हात बॉनेटच्या पलीकडे कधी आलाच नव्हता. तो खाली बसला, डोळे मिटले आणि दाराच्या कडेवरून बोटं फिरवू लागला. मग त्याचा चेहरा उतरला. “अरे अरे अरे! एवढं झालं? आणि मला पत्ता नाही?” तो स्वतःशीच पुटपुटला. मला वाटलं, नाटक करतोय. पण दोन दिवस त्याने मला असं काही घासलं की काय सांगू! जिथे रंगाखाली गंज नुसता शिरला होता, वरून काहीच दिसत नव्हतं, तिथेही त्याची बोटं थांबायची. तो म्हणायचा, “इथे आत पोकळ आहे,” आणि खरंच असायचं. मला माझं स्वतःचं अंग एवढं ठाऊक नव्हतं.

लेकीने विचारलं, “बाबा, हा मागचा पोचा भरायचा ना पुट्टीने?”

“तो राहू दे,” तो म्हणाला. “तो तुझा आहे.”

बुधवारी लेकीने घासलेल्या जागांवर तांबडा प्रायमर लावला. आता मी हिरवी आणि मधे मधे तांबडी अशी दिसत असणार. शेजारणी फाटकातून बघून हसत होत्या, पण मला पर्वा नव्हती.

गुरुवारी लेक मापं घ्यायला गेली, बायको बाजारात गेली. सुताराच्या मनात आलं, दोघी यायच्या आत पहिला हात मारून ठेवू, तोंडात बोटं घालतील! त्याने जमिनीवर पाणी शिंपडलं, म्हणजे धूळ उडायला नको. रंग थिनरने पातळ केला आणि रोलर चालवायला लागला. गुणगुणत होता. मीही खुशीत होते. दुपारपर्यंत पातळ हात सुकला. त्याने हात पुसले आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला.

दोघी एकदमच आल्या. “बघा!” तो म्हणाला. “कशी दिसते?”

लेक माझ्याभोवती एक फेरी मारून आली.

“बाबा,” लेक शेवटी म्हणाली, “हे अर्धंच झालंय.”

“अर्धं? कुठे?”

“इथे. दारावर. कमानीवर. अख्खा हौद्याचा काठ राहिलाय. सगळं तांबडं दिसतंय अजून.”

त्याने दारावर हात ठेवला. वाकून बघितलं. मग लांब जाऊन बघितलं. “हे... हिरवं नाही?”

बायको खळखळून हसली. “अहो, पुरे झाली थट्टा!” आणि मग तिने त्याचा चेहरा बघितला. हसू ओठांवरच राहिलं. तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. एका पायात हिरवा मोजा होता, दुसऱ्या पायात तपकिरी. अशा जोड्या ती वर्षानुवर्षं बघत आली होती आणि “किती हो वेंधळे तुम्ही!” म्हणून रागवत आली होती.

तो पायरीवर बसला. त्याने सांगितलं, लहानपणी शाळेत त्याने झाड काढलं होतं आणि पानं तपकिरी रंगवली होती. बाईंनी ते चित्र वर धरून वर्गाला दाखवलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याने ठरवलं, हे कुणाला कळू द्यायचं नाही. टोमॅटो दाबून घ्यायचे. सिग्नलला वरचा दिवा म्हणजे थांबायचं आणि खालचा म्हणजे निघायचं. लाकूड वासाने ओळखायचं. “आणि रंग निवडायची वेळ आली,” तो बायकोला म्हणाला, “की म्हणायचं, तू म्हणशील तो.”

“अगं बाई!” ती म्हणाली. “आणि मला इतकी वर्षं वाटायचं, काय ऐकतात हो माझं!”

ती हसत होती आणि पदराने... नाही, हातातल्या पिशवीनेच डोळे पुसत होती.

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं ते कसं सांगू? माझा गंज हिरव्यावर होता. सगळ्या जगाला तो दिसत होता आणि नेमका त्यालाच दिसत नव्हता. त्याचं मन कधी उडालंच नव्हतं! मी थंडीत त्याला चार चार वेळा किल्ली फिरवायला लावली, ते आठवून माझी मलाच लाज वाटली. माझा हिरवा रंग न पाहिलेले त्या घरात आम्ही दोघंच होतो, एक मी आणि एक तो.

पण तो उठला आणि म्हणाला, “रविवारी येऊ दे त्या भंगारवाल्याला. माझ्याच्याने नाही व्हायचं हे.” रोलर त्याने डब्यावर आडवा ठेवला, अगदी हळू, आणि आत जायला निघाला. मला वाटलं, संपलं सगळं. हा आता मलाच नाही, स्वतःलाही भंगारात काढतोय.

लेक कारखान्याच्या उघड्या दारातून भिंतीकडे बघत होती. “बाबा, थांबा. या पटाश्यांच्या मुठी निळ्या का रंगवल्यात तुम्ही?”

“भुशात पडल्या तरी दिसतात म्हणून,” तो म्हणाला. “निळा मला कुठूनही दिसतो.”

तिने हिरव्याचा न उघडलेला डबा उचलला आणि तरातरा रंगाच्या दुकानात गेली. दुकानदाराने बदलून दिला. आपल्या खाऊच्या डब्यात साठवलेले पैसे घालून आईने दुसराही डबा मागवला. “मला विचारू नका हं,” ती नवऱ्याला म्हणाली, “या वेळी तुम्ही म्हणाल तो.”

त्याने झाकण उघडलं आणि कितीतरी वेळ नुसता डब्यात बघत राहिला.

शुक्रवारी पहिला हात, शनिवारी सकाळी मऊ पेपरने पाणी लावून घासणं आणि दुसरा हात. रोलर लेक फिरवत होती, मागून कोरड्या ब्रशने तो बुडबुडे मोडत होता. आणि काय चमत्कार! आता तोच तिला धारेवर धरत होता. “ती कमान बघ. राहिलंय तिथे. हौद्याच्या काठाखाली बोटभर. आणि दाराच्या बिजागरीपाशी, दिसत नाही का तुला?” लेक वाकून बघायची आणि म्हणायची, “अय्या, खरंच की!” जी नजर तांबड्या-हिरव्यात हरवायची, ती निळ्यात सुईच्या टोकाएवढी जागा सोडत नव्हती. मी श्वास रोखून उभी होते. श्वास म्हणजे काय, गाडीच बंद होती, पण तुम्हाला समजलं.

रविवारी भंगारवाला दोर घेऊन आला. अंगणात इकडेतिकडे बघून म्हणाला, “कुठाय ती हिरवी? विकली की काय?”

“ती काय, समोर,” सुताराची बायको म्हणाली. “आणि विकायची नाही. चहा घे आणि ये.”

तिनेच त्याला बोलावलं होतं, बरं का!

आता खरं सांगायचं तर जवळून पाहाल तर माझा रंग संत्र्याच्या सालीसारखा जरा दाणेदार आहे. बॉनेटवर दोन चिलटं कायमची चिकटली आहेत. उजव्या दारावर सुताराच्या अंगठ्याचा ठसा आहे, तो त्याने पुसू दिला नाही. गॅरेजमधून आलेल्या गाड्या मला बघून नाक मुरडतील. मुरडू देत.

त्या रविवारी तो चहाचा कप घेऊन फाटकापाशी उभा राहिला, चहा गार झाला तरी तिथेच होता. मग म्हणाला, “अगं बाई! केवढी मोठी आहेस तू!” पंचवीस वर्षं तो मला चालवत होता, मित्रांनो. पाहत होता मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

एवढं सगळं सांगितलं ते एकाच गोष्टीसाठी. तुमच्या घरात एखादी सायकल असेल, खुर्ची असेल, आजारी माणूस असेल, तर लांबून थाप मारून जाऊ नका. खाली बसा, कडेवरून हात फिरवा. आणि तुमच्याच अंगावरचा गंज कुणाला दिसत नसेल, तर माझ्यासारखे गाल फुगवून वर्षं घालवू नका. आधी विचारा, तुला दिसतोय का रे? कदाचित तो बिचारा वर्षानुवर्षं दिसतंय असंच म्हणत आला असेल.

परवाचीच गोष्ट. माझ्या दाराच्या मुठीखाली गंजाचा एक ठिपका आला. मुगाच्या दाण्याएवढा. मला वाटलं, आता कधी कळणार कुणाला. तेवढ्यात सुतार कारखान्याच्या दारात आला, अंगणाच्या पार पलीकडे, आणि एकदम ओरडला, “अगं, हिला गंज आलाय! मला दिसला! इथून दिसला मला!” बायको धावत बाहेर आली, लेक आली, गंज आला म्हणून एवढा आनंद झालेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्याने पेपर आणून तो ठिपका घासला, निळ्याचं बोट लावलं. आणि मग अजून कुठे आहे का म्हणून तो कितीतरी वेळ माझ्याभोवती फिरत राहिला, वाकून, उठून, पुन्हा वाकून. मला इतकं कुणी कधीच पाहिलं नव्हतं.