माजी जावईबापू

पक्षी केंद्रात राखणदाराला सगळे ‘जावईबापू’ म्हणत. क्रौंचांची ही जात जगातून संपत आलेली. उरलेल्यांतली एक मादी त्याच्या हातचं खाऊन वाढली आणि वयात येताच तिने त्यालाच नवरा मानलं. तो दिसला की ती पंख पसरून नाचे. तोही पोट सांभाळत दोन उड्या मारी. त्याची बायको तिला ‘सवत’ म्हणे. “माझ्यासाठी कधी जागचे तरी हललात का?”

मग दुसऱ्या केंद्रातून नर आला, आणि ‘जावईबापू’ हे पद त्याच दिवशी त्याच्याकडे गेलं.

नर देखणा होता. राखणदाराला हे मान्य नव्हतं. “चाल बघा, नवे बूट चावल्यासारखी,” तो केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला. “आणि नाचतही नाही.”

“तुम्ही जाळीपाशी ठाण मांडल्यावर तो काय नाचणार? तिचं सगळं लक्ष तुमच्याकडे. या मोसमात जोडी जमली नाही तर त्याला परत पाठवावं लागेल. मग अंडं नाही, पिल्लू नाही, काही नाही.”

राखणदाराने त्यातलं ‘परत पाठवावं लागेल’ एवढंच ऐकलं.

सकाळी तो केस विंचरून, दाण्यांची बादली घेऊन थेट पिंजऱ्यात शिरला आणि नाचू लागला. मादीने पंख उघडले. तोच नर मान ताणून धावून आला.

“चालता हो!” राखणदाराने बादली उगारली.

मादी थबकली. तिने एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा नराकडे. मग ती नराच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघांनी चोची आभाळाकडे केल्या, एका सुरात हाक दिली आणि मिळून राखणदारावर चाल केली. तो एक चप्पल आत सोडून बाहेर पळाला.

बाहेर डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवत होत्या. “जमली जोडी! एकत्र हाक दिली म्हणजे जमलीच! दोघांना मिळून हाकलायला कुणीतरी हवं होतं, आम्हाला सुचलंच नाही बघा. रोज सकाळी जा आणि बादली आपटा.”

“म्हणजे मी आता तिचा कोण?”

“शत्रू. पगारी.”

घरी बायको मलम लावायला बसली. “कोण चावलं? तो?”

त्याने पोटरी पुढे केली. “ती.”

बायकोने मलम जरा जास्तच जोरात चोळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरशासमोर उभा होता. डबा भरता भरता तिने मान वळवून पाहिलं.

“शत्रूला केस कशाला विंचरावे लागतात हो?”