लॅमिनेट केलेलं कार्ड आणि आल्बिनाबाईंचा पाय

मित्रांनो, आत्ता तुमच्याशी जे बोलतंय ते एक जुनं एटीएम कार्ड आहे. हसू नका. कार्डाला तोंड नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण बिल समोर आलं की भल्याभल्यांची वाचा बसते, तेव्हा त्यांच्या वतीने बोलायला आम्हीच लागतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वालीवला प्लास्टिकच्या बादल्या बनतात ना, त्या माझ्या चुलत बहिणी. त्यांच्या नशिबी नळ आला, माझ्या नशिबी सोनेरी चिप आली. बँकेने माझ्या छातीवर नाव उमटवलं, आल्बिना घोन्सालवीस. या बाई वसईजवळच्या गास गावच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचं पेन्शन माझ्याच खात्यात जमा होतं.

पाकिटात माझ्यासोबत एक चिठ्ठी होती. 'या कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये मोफत प्रवेश.' लाउंज म्हणजे विमानतळावरची खास बैठकीची खोली. मऊ कोच, गरम जेवण, शांतता. एरवी ती महागड्या तिकिटाच्या लोकांसाठी असते, पण काही कार्डांनाही तिचं दार उघडतं. आल्बिनाबाईंनी चिठ्ठी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि तिची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.

मला मात्र त्यांनी फार जपलं. किती जपलं ते ऐका. महत्त्वाचा कागद घरात आला की तो लॅमिनेट करायचा, ही त्यांची शाळेपासूनची शिस्त. रेशन कार्ड, बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, सगळे प्लास्टिकमध्ये बंद. एके दिवशी माणिकपूरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी मलाही नेलं.

"बाय, याला लॅमिनेशन नाय करत," दुकानदार म्हणाला.

"पावसाळ्यात बुरशी आली तर नवीन तू देणार आहेस?"

दुकानदाराने मुकाट्याने मशीन चालू केलं. त्या गरम रुळांतून जाताना मी अशी किंकाळी फोडली, की बाहेरचे रिक्षावाले रांग मोडून पळाले. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, तिथल्या रिक्षा अजून सरळ रांगेत उभ्या राहत नाहीत.

मग मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहायला गेलो. बाप्तिस्म्याचा दाखला फार शिष्ट होता, माझ्याशी बोलायचाच नाही. रेशन कार्ड घोरायचं. बुधवारचा दिवस सोडला तर मी तिथेच असे. बुधवारी मी कुठे जात असे ते पुढे कळेलच. गुपित होतं ते, आणि गुपित राखणं हा आमच्या जातीचा धर्म आहे.

अशी तीन वर्षं गेली. यंदा आल्बिनाबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर सातच आठवड्यांनी मंगळुरूहून निरोप आला. त्यांची धाकटी बहीण रेजिना तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आहे. तिला व्रत घेऊन पन्नास वर्षं होत होती. ज्युबिलीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, घरच्या कुणीतरी पेटती मेणबत्ती घेऊन तिच्यासोबत वेदीपर्यंत चालायचं असतं. रेजिनाच्या सख्ख्या माणसांपैकी आता एकट्या आल्बिनाबाईच उरल्या होत्या. दोघी बहिणी नऊ वर्षांत भेटल्या नव्हत्या.

"दगदग नको, मम्मी," मुलगा स्टॅनी म्हणाला. "फोनवर बघ ना सगळं."

"मेणबत्ती फोनवरून धरू काय?"

शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. पाय फार वेळ लोंबकळत ठेवायचा नाही. सूज बघायला नडगीवर बोट दाबायचं, आणि खळगा तसाच राहिला तर विमानात बसायचं नाही. सरळ घरी परतायचं.

निघताना सून इझाबेलने मला डब्यातून काढून स्टॅनीच्या खिशात घातलं. "असू दे. कुठे लागलं तर."

विमानतळावर सगळं सुरळीत झालं. व्हीलचेअर मिळाली, तपासणी झाली. मग फलकावर आमच्या विमानापुढे साडेचार तासांचा उशीर झळकला. इतर विमानंही अडकलेली. बसायला जागा नाही. होत्या त्या लोखंडी खुर्च्यांना मध्ये मध्ये दांडे, पाय पसरणार कुठे? तासाभराने स्टॅनीने खाली बसून आईच्या नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला. हळूहळू, नाराजीने भरला.

"अजून अर्धा तास बघतो," स्टॅनी म्हणाला. "नायतर गाडी बोलावतो. परत वसई."

आल्बिनाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. तेवढ्यात व्हीलचेअर ढकलणारी विमानतळाची बाई, मनोरमा, म्हणाली, "दादा, लाउंजमध्ये न्या ना आजींना. तिथे पाय वर करायचे कोच आहेत."

लाउंजच्या दारात राधिका नावाची मुलगी बसली होती. स्टॅनीने पैसे पुढे केले.

"सॉरी सर, आज गर्दी आहे. पैसे भरून एन्ट्री बंद. फक्त कार्डवाले."

आणि मित्रांनो, तीन वर्षांत प्रथमच मी, चोरून नव्हे, तर दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारखा उजेडात आलो. राधिकाने मला हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं.

"हे काय आहे?"

"कार्ड," स्टॅनी म्हणाला.

"ते दिसतंय. पण याला... लॅमिनेट कुणी केलं?"

"मी," आल्बिनाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "एक ओरखडा दाखव."

"आजी, हे मशीनच्या खाचेत जात नाही. चिप आत टाकायला लागते." तिने ढकलून पाहिलं. मी दारात अडकलेल्या कपाटासारखा अडकलो.

आता कात्री हवी. पण तपासणी ओलांडून आलेल्या माणसाकडे कात्री कुठली? इझाबेलने दिलेला नेलकटरसुद्धा सामानात गेलेला. स्टॅनीने नखं लावली. माणिकपूरचं काम, असं सुटणार थोडंच! शेवटी त्याने मला तोंडात धरलं आणि भर विमानतळावर उसासारखं सोललं. त्यात त्याचा एक दात हलला असं तो अजून सांगतो. मी आत होतो, मला माहीत आहे. दात आधीपासूनच हलत होता.

तीन वर्षांनी अंगाला वारा लागला! मी मोकळा श्वास घेतला तेवढ्यात राधिका म्हणाली, "गेल्या तीन महिन्यांत कार्डाने कुठे खरेदी केलीय ना? तो नियम आहे. नसेल तर मशीन घेत नाही."

स्टॅनीचा चेहरा पडला. "नाही हो. डब्यातून बाहेरच कधी निघालं नाही." त्याने वाकून पुन्हा नडगी दाबली. या वेळी खळगा भरायला जास्त वेळ लागला. "चल मम्मी. पुरे झालं. घरी." त्याने व्हीलचेअर वळवली.

आल्बिनाबाईंनी दोन्ही हातांनी चाक धरलं. "थांब."

"हात चिरडेल, मम्मी!"

"केलीय खरेदी."

"कोणी?"

"मी. माणिकपूरच्या बेकरीत. जितेंद्रकडे." त्या छताकडे बघत होत्या. "तो मशीनवर नुसतं टेकवायचा, तरी चालायचं. क्रीम रोल."

"मम्मी! डॉक्टरने गोड बंद केलंय ना? आणि तू बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायचीस!"

"नोव्हेना चुकवली नाही कधी. आधी नोव्हेना, मग रोल."

"आणि मोबाईलवर बँकेचे मेसेज यायचे ते?"

"मी उघडतच नाही. तूच म्हणतोस ना, अनोळखी मेसेज उघडायचा नाही."

मनोरमा तोंड फिरवून हसली. राधिकाने स्वतःला कसंबसं आवरलं. "आजी, शेवटचा रोल कधी?"

"ऑपरेशनच्या आदल्या बुधवारी. दोन."

"दोन?" स्टॅनी ओरडला.

राधिकाने मला खाचेत सरकवलं. मित्रांनो, आत मिट्ट काळोख असतो. मशीनने मला दरडावलं, कोण तू? मी सगळ्या बुधवारांची नावं घेतली. एकेका क्रीम रोलची साक्ष काढली. बाहेर आल्बिनाबाई पुटपुटत होत्या, 'नमो मरिये, कृपापूर्णे...' आणि मशीनने सुरेल 'टिंग' केलं. नियमाचे दोन रुपये कापून चिठ्ठी बाहेर आली.

"झालं!" राधिका म्हणाली. "पण या कार्डावर एकच माणूस जाऊ शकतं."

स्टॅनी हसला. मला आईच्या मुठीत देत म्हणाला, "जा तू. मी इथेच उभा आहे. आणि मम्मी, आत गोड असणार. मनोरमाताई, लक्ष ठेवा."

आतली जेवणाच्या भांड्यांची रांग एवढी लांब होती, की पुरीपाशी उभं राहिलं तर भाजी अंधेरीला दिसायची. आल्बिनाबाईंनी त्यातलं इडली-सांबार तेवढं घेतलं. मग मनोरमाने त्यांचा पाय अलगद उचलून कोचावर उशीवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. पदराचं टोक मुठीतून सुटलं. तीन तास त्या अशा झोपल्या की विमानाची घोषणा करणारी बाईसुद्धा दोनदा हळू आवाजात बोलली.

बाहेर आल्यावर स्टॅनीने घाईघाईने नडगीवर बोट दाबलं. सोडलं. खळगा पडलाच नाही. तो तसाच फरशीवर बसून राहिला आणि आईच्या पावलावर कपाळ टेकून म्हणाला, "सुटलो गं मम्मी."

दुसऱ्या दिवशी मंगळुरूच्या चर्चमध्ये मी आल्बिनाबाईंच्या पर्समध्ये होतो. पर्सची चेन अर्धी उघडी होती, म्हणून मला सगळं दिसलं. दारात सिस्टर रेजिना उभ्या होत्या.

"बाय, किती म्हातारी झालीस गो!"

"आणि तू काय लहान पोरीसारखी पहिल्या कम्युनियनला निघालीस?"

मग दोघी हसल्या. मेणबत्ती पेटली. वेदीपर्यंत बावीस पावलं होती. मधेच आल्बिनाबाईंचा पाय जड झाला, तेव्हा रेजिनाने आपला हात त्यांच्या कोपराखाली घातला. व्रत कुणाचं आणि सोबत कुणाची, हे मागे बसलेल्यांना कळेना. स्टॅनी मागे उभा राहून दोघींच्या पावलांकडे बघत होता.

मित्रांनो, पुढच्या महिन्यात माझी मुदत संपते आहे. मग मला कापून टाकतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्या, पण काळजीपोटी त्यांना घरात बसवून ठेवू नका. त्यांना जिथे जायचंय तिथे न्या. वाटेत पाय टेकायला जागा शोधा, थांबावं लागलं तर थांबा. कुणीतरी दारात नऊ वर्षं त्यांची वाट बघत असतं.