डाव्या बाहीचा वास

सिगारेट सोडल्याच्या चौथ्या दिवशी धुरांड्याने वर्कशॉपमधला चांगला चालणारा पंखा खोलून पुन्हा बसवला, आणि सातव्या दिवशी दुसरा. पंख्यांना काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते त्याच्या हातांना. वीस वर्षं दर अर्ध्या तासाने ज्या बोटांना काहीतरी धरायला मिळत होतं, त्यांना आता काही मिळेना, आणि ती नुसती शिवशिवत राहिली. जळालेल्या मोटरींवर तांब्याची तार गुंडाळायची, हे त्याचं काम. तार हातात असेपर्यंत ठीक होतं, कारण वेढे मोजावे लागतात आणि डोकं दुसरीकडे जात नाही. पण काम संपलं की खिसा चाचपायचा, कान खाजवायचा, उठून दारापर्यंत जायचा आणि काही कारण नसताना परत यायचा. शेजारच्या टेबलावरचा लांब्या शेवटी वैतागून म्हणाला, "बस की लेका एका जागी! तुला बघून मलाच गरगरायला लागलंय."

धुरांड्या हे नाव त्याला वर्कशॉपनेच दिलं होतं, आणि उगीच दिलं नव्हतं. आता ते पुसायचं त्याने मनावर घेतलं होतं ते कोपऱ्यावरच्या लाँड्रीवालीसाठी. ती काउंटरवर बसायची. कपडा कोणाचाही असो, हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: "डाग कशाचा?" लोक चहाचा म्हणायचे आणि डाग दारूचा निघायचा. मग ती सुनावायची, "खरं सांगा हो. काय लावायचं ते त्यावर ठरतं. खोटं सांगितलंत की डाग कायमचा बसतो, मग माझ्या नावाने ओरडू नका." धुरांड्या तिच्याकडे ऑइलने बरबटलेले कपडे आणायचा आणि निमूटपणे "ऑइलचा" म्हणायचा. तेवढ्यावरच दोन वर्षांत गोष्ट बरीच पुढे गेली. एके दिवशी धीर करून त्याने लग्नाचं विचारलं.

ती नाही म्हणाली नाही. नव्वद दिवस म्हणाली.

"नव्वद दिवस सिगारेट बंद. नव्वदाव्या दिवशी येऊन सांग. तू सांगशील ते मी खरं धरीन."

"मी कशाला सांगायला हवं? तुझं नाक आहे ना!" तो हसून म्हणाला. तिचं नाक त्या रस्त्यावर प्रसिद्धच होतं. शर्ट हातात आला, की त्याचा मालक दवाखान्यात बसून आलाय की सलूनमध्ये, हे ती बघता बघता सांगायची.

ती हसली नाही. "मी तुला हुंगणार नाही. लहानपणी पुष्कळ हुंगून झालंय."

तिचे वडील चोरून ओढायचे. ओढून झाली की कोपरापर्यंत साबण लावून हात घासायचे, पेपरमिंट चघळायचे, शर्ट बदलायचे. आणि आई त्या उतरवलेल्या शर्टापाशी आठ वर्षांच्या या पोरीला उभी करून म्हणायची, बघ गं, येतोय का वास? वास यायचा. वडील दारातून पोरीकडे बघत असायचे. पोर म्हणायची, नाही येत. अशी ती नऊ वर्षं 'नाही येत' म्हणत राहिली, आणि मग वडील खोकून खोकून गेले. हे तिने एका दमात सांगून टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चादर ओढून घेतली.

धुरांड्याच्या हातांचं काहीतरी करायला हवं, हे त्याच्या ताईच्या ध्यानात आलं. तिच्या घरी आला की तो चमचे वाजवायचा, गळत नसलेले नळ आवळायचा, कॅलेंडरची पानं उलटसुलट करायचा. दहाव्या दिवशी तिने त्याच्या हातात दोन सुया आणि निळ्या लोकरीचा गुंडा कोंबला. "सुलट, उलट, सुलट, उलट. तार गुंडाळतोस ना? मग हेही जमेल. पण माझ्या घरात आता माणसासारखा बस."

आणि जमलं की! वेढे मोजणाऱ्याला टाके मोजणं काय जड? पहिल्या आठवड्यात त्याने एक वाकडातिकडा चौकोन विणला, तो ताईने गरम भांडी उतरवायला घेतला. मग त्याच्या मनाने उचल खाल्ली. लाँड्रीवालीच्या तोंडावर दिवसभर इस्त्रीची वाफ आणि पाठीवर मागच्या दाराचा गार वारा. तिला स्वेटर विणायचा, बंद गळ्याचा, आणि नव्वदाव्या दिवशी तो हातात देऊन सांगायचं, झाले नव्वद. माप ताईच्या अंगावरच घेतलं, दोघी एकाच चणीच्या. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत तो सुया काढून बसू लागला. "धुरांड्या गेला आणि आजीबाई आली," लांब्याने जाहीर केलं. आठवडाभर सगळे त्याला चष्मा लागला का विचारत होते.

त्याची तगमग सगळी त्या लोकरीत उतरली. पाठ विणली ती इतकी करकचून, की जमिनीवर ठेवली तर पत्र्यासारखी उभी राहील. पुढचा भाग जरा सैल आला. उजवी बाही तर चक्क मऊ झाली. डावी बाही सुरू झाली तेव्हा त्याला पहिल्यांदाच वाटलं, की निभतंय आपलं.

तो त्रेसष्टावा दिवस होता. त्याने बांधलेली पंपाची मोटर चाचणीलाच धूर सोडून जळाली. चूक त्याचीच होती, आणि मालकाने ती चार माणसांत मोठ्या आवाजात सांगितली. धुरांड्या विणकाम उचलून मागच्या पायरीवर जाऊन बसला. सुया चालेनात. लांब्या शेजारी येऊन टेकला, स्वतःची पेटवली आणि पाकीट दोघांच्या मध्ये ठेवलं. लांब्याचा हेतू वाईट नव्हता. धुरांड्याने एक घेतली. मग दुसरी. मांडीवर बाही, तोंडात सिगारेट, अशा त्याने पाच ओढल्या, आणि शेवटची विझवताना मालकाची नाही, मोटरीची नाही, स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी तो लाँड्रीवरून न बघता गेला. दुसऱ्या दिवशी सिगारेट ओढली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाचच तर होत्या, तो स्वतःला समजावत राहिला, बाकीचे दिवस तर खरेच आहेत ना? कोणी विचारलं नाही. ती तर विचारणारच नव्हती.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी ताईकडे स्वेटरचे तुकडे जोडायला घेतले. डाव्या बाहीत एक टाका निसटला होता, तो शोधायला त्याने बाही डोळ्यांजवळ नेली, आणि झटकन लांब धरली. वास! शिळ्या धुराचा, उग्र, पायरीवरच्या त्या दुपारचा. वीस वर्षांत त्याच्या नाकाला कसलाच वास धड कळत नव्हता. सिगारेट सुटली तसं ते नाक हळूहळू जागं झालं होतं, आणि जागं होऊन पहिली चहाडी त्याचीच केली होती.

"ताई, हुंग बरं हे."

ताईने हुंगलं. "कसला वास? लोकरीचा येतोय." भावजी रोज पाकीटभर ओढून घरी येत, तिला काय कळणार?

बंद गळ्याचा स्वेटर डोक्यातून घालायचा असतो. म्हणजे तिने हुंगायचं नाही म्हटलेलं, आणि हा तिच्या नाकावरूनच तो वास उतरवणार होता, तोही भेट म्हणून! आणि मग ती काय करील, हे त्याला लख्ख दिसलं. ती गळ्यातून डोकं बाहेर काढील, त्याच्याकडे बघील आणि म्हणेल, छान झालाय. नऊ वर्षं म्हणत होती तसंच.

पाच दिवस त्याचा पाय एका जागी ठरला नाही. बाही शिवली, उसवली, पुन्हा शिवली. गच्चीवर वाऱ्यात टांगली, तासातासाला जाऊन हुंगली. वास जाईना. एकोणनव्वदाव्या दिवशी दुपारी त्याने बाही धुवायला बादलीत साबणाचं पाणी केलं, शर्टाच्या बाह्या वर सारल्या, आणि लोकरीला ऑइल लागू नये म्हणून आधी हातांना साबण चोळला. चोळता चोळता तो कोपरापर्यंत पोचला, आणि थांबला. समोरच्या आरशात एक माणूस कोपरापर्यंत फेस माखून उभा होता. असा माणूस त्याने पाहिलेला नव्हता, पण ऐकलेला होता. त्याने बादली मोरीत ओतून दिली.

नव्वदाव्या दिवशी सकाळी लाँड्रीचं शटर वर जाताच तो हजर झाला. तिने केस नीट बांधून त्यात नवी पिन लावली होती. ती पिन बघून धुरांड्याला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली.

"हे काय?" तिने स्वेटर बाहेर काढला. पत्र्यासारख्या पाठीवरून, मग सैल पुढच्या भागावरून तिचा हात फिरला. "तू? तू विणलास?" तिचे डोळे भरून आले. तिने हात वर केले आणि स्वेटर डोक्यावर नेला.

"घालू नकोस!" धुरांड्याने काउंटरवरून वाकून खालची किनार घट्ट धरली. "तुझाच आहे, पण आधी धुवायला टाकतोय. विचार ना. सगळ्यांना विचारतेस तसं विचार."

हळूहळू तिचे हात खाली आले, आणि चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं.

"डाग कशाचा?"

"सिगारेटचा. पाच. त्रेसष्टाव्या दिवशी, दुपारी. मोटर जळाली म्हणून... नाही, मोटरीमुळे नाही. मला हवी होती म्हणून. डाव्या बाहीत आहे. त्यानंतर एकही नाही."

आतल्या खोलीत इस्त्री सुस्कारत होती. तिने स्वेटर नाकापाशी नेला नाही. घडी घातली, डावी बाही आत दुमडली, आणि पावतीपुस्तक ओढून खूप वेळ लिहीत बसली. पावती फाडून त्याच्यापुढे सरकवली. "जा आता," एवढंच म्हणाली.

संपलं, असं समजून तो रस्त्यावर आला. पावती वाचायची त्याची हिंमत होईना, मग वाचली. 'स्वेटर, निळा, एक. डाग: सिगारेट. गिऱ्हाइकाने स्वतःहून सांगितला.' खाली, कपडे परत न्यायची तारीख. ती लाँड्री चार दिवसांत कपडे द्यायची. ही तारीख दोन महिन्यांपलीकडची होती. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून बोटांवर मोजू लागला, मागून स्कूटरवाला ओरडला तरी हलला नाही. त्रेसष्ट दिवस. म्हणजे त्या दुपारपासून झालेले सत्तावीस धरले तर बरोबर नव्वद.

त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. हात खिशात गेला, खिशात काही नव्हतं. कानाशी गेला. त्रेसष्ट दिवस, आणि हातात काही नाही! तो वळला आणि तरातरा परत लाँड्रीत शिरला.

ती डोळे पुसत होती. "आता काय?"

"पायाचं माप दे. मोजे विणतो."

मग कपडे बांधायचा खाकी कागद तिने फाडला, काउंटरच्या बाहेर येऊन जमिनीवर पसरला, चप्पल काढली आणि त्यावर उभी राहिली. कपड्यांवर खुणा करायचं पेन त्याच्या हातात दिलं. धुरांड्या गुडघ्यांवर बसला आणि टाचेपासून रेघ ओढू लागला. रेघ नागमोडी जाऊ लागली.

"हलू नकोस ना," तो म्हणाला.

"मी नाही हलत," ती वरून म्हणाली. "तुझा हात हलतोय."