पुराची रेघ

त्या माणसाच्या खिशातून मोजपट्टी डोकावत होती. ती दिसली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जुन्या पुलापासून तो माझ्या घोळक्यात सगळ्यांत मागे चालत होता. ना फोटो, ना प्रश्न. माझा गाईडचा परवाना नूतनीकरणासाठी ऑफिसात अडकलेला. म्हटलं, हा तिकडूनच आलाय, मला खोटं बोलताना पकडायला.

बावीस वर्षं मी हे गाव पायी फिरवून दाखवतोय. पूल, होड्यांचा धक्का, जकातीची कमान आणि शेवटी पुराची रेघ. नदीकाठच्या एका घराच्या भिंतीवर ती निळी रेघ आहे. साठ वर्षांपूर्वी पाणी तिथवर चढलं होतं. आता खरं सांगतो, दर दोन वर्षांनी भिंत रंगवली की ती रेघ मीच पुन्हा ओढतो, आणि दर वेळी चार बोटं वर. लोकांनी आ वासला पाहिजे ना. वाढत वाढत ती माझ्या डोक्याच्या हातभर वर गेली.

त्या दिवशी मी तिखटमीठ न लावता बोललो. तरी एक बाई म्हणाल्याच, "बाप रे, एवढं पाणी?"

लोक पांगले. तो मात्र थांबला आणि जमिनीपासून भिंत मोजू लागला.

"साहेब, रेघ जरा वरखाली झाली असेल," मी म्हणालो. "रंगारी ऐकतात कुठे?"

"मी कसला साहेब? या घरातला मी. तेव्हा दोन वर्षांचा होतो. मला खांद्यावर घेऊन आई इथंच उभी होती, होडी येईपर्यंत. पाणी हनुवटीला लागलं होतं म्हणायची. मागच्या महिन्यात गेली. म्हटलं, एकदा बघून यावं." त्याने पट्टी गुंडाळली. "आई चार फूट दहा इंच. तुमच्या पाण्यात ती बुडते हो. मीही बुडतो."

तो चिडला असता तर परवडलं असतं. मला मान वर करवेना.

"हनुवटी कुठं येईल, दाखवा," मी म्हणालो. त्याने बोट टेकवलं. मी पेन्सिलीने खूण केली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन जुन्या रेघेवर रंग फासला आणि नवी रेघ ओढली. परवान्याचं अजून काही कळलेलं नाही. त्या सकाळच्या घोळक्यातला एक उंच गृहस्थ रेघेला खेटून उभा राहिला आणि हसला.

"एवढंच? हे तर माझ्या छातीलाही लागत नाही."

"एवढंच होतं," मी म्हणालो, आणि माझी टोपी काढून हातात घेतली.