न पेटलेलं पान

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. पण दगडासारखं गप्प पडून राहणं मला कधी साधलंच नाही.

त्याला कारण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मी दगड नव्हतोच. नेच्याचं एक हिरवं पान होतो. आमचं रान दलदलीत उभं होतं आणि वाऱ्याबरोबर माझी सारखी चुळबुळ चाले. आमच्यातलं कुणी मोडून पडलं, की खालच्या गढूळ पाण्यात बुडायचं. त्या पाण्यात हवा फार थोडी, म्हणून पडलेलं पुरतं कुजत नसे. पानावर पान साचलं, खोडावर खोड साचलं, त्यावर गाळ आला, गाळावर वाळू आली. वरचा भार वाढला, खालची ऊब वाढली. पाणी पिळून निघालं, हिरवेपणा गेला, आणि माझ्या भावंडांचा काळाभोर दगडी कोळसा झाला.

मी मात्र पडलो तो त्यांच्यावरच्या चिखलात. चिखलानं मला मिठी मारली आणि तसाच तो घट्ट होत होत दगड झाला. आत माझं पान विरलं. उरली शिरांची नक्षी आणि तिच्यावर काजळाची पातळ साय. खाली भावंडं पोटात जुनं ऊन साठवून निजलेली, आणि वर मी टक्क जागा. यांना एक दिवस पेटायचंय, माझं काय? या विचारानं कूस बदलावीशी वाटे, पण कूस बदलायला जागा कुठली!

मग एक दिवस कुदळीचे घाव ऐकू आले. मीही काळाच, म्हणून कोळशाबरोबर पोत्यात शिरलो आणि एका लोहाराच्या कारखान्यात येऊन पडलो. लोहार ऐरणीवर असे, त्याची थोरली बहीण भाता चालवी. त्या दुपारी हातगाडीवाल्या मावशी मोडलेला आस घेऊन खोळंबल्या होत्या. लोहारानं भट्टीत फावडंभर कोळसा टाकला, त्यात मीही गेलो. अखेर पाळी आली! भावंडं लाल झाली, मग पिवळी झाली. मी नुसता तापलो. अंगातल्या जुन्या ओलाव्याची वाफ झाली आणि फाट्! माझी एक कपची लोहाराच्या कानाजवळून सुटली.

"डोळ्याला लागलं का रे?" ताईनं भाता सोडला.

"डोळा शाबूत आहे. कोळसेवाल्यानं पुन्हा दगड गळ्यात मारला बघ! असला पाहुणा नुसती ऊब खातो, कामाला शून्य."

"आमच्या ह्यांच्यासारखाच की," ताई म्हणाली. मावशी खुदकन हसल्या.

लोहारानं मला सांडशीत धरून ऐरणीच्या कडेवर आपटलं. मी मधोमध उकललो. हवा लागताच काजळाच्या सायीवरून एक ठिणगी सरसर धावली आणि विझली. मित्रांनो, माझं पेटणं ते एवढंच.

सवयीनं त्याचा हात पाण्याच्या हौदाकडे वळला. तापलेलं काही हातात असलं, की तो बुडवायचाच.

"थांब! पाण्यात नको! त्या दगडात पान आहे."

"काजळी असेल गं."

"काजळीला शिरा असतात होय रे? बुडवलंस तर ठिकऱ्या होतील. राखेत ठेव."

जे लोखंड सावकाश निवायला हवं, ते दोघं गरम राखेत पुरून ठेवत. तसंच मलाही पुरलं. पुन्हा अंधार, पुन्हा अंगावर भार! एक बारीक तडा कडेकडून आत सरकत होता. पानापर्यंत पोचला तर? बाहेर घण पडत राहिला, आस सांधला गेला, मावशी निघून गेल्या, आणि मी तडफडत राहिलो.

शेवटी ताईनं राख सारली. पानाचा शेंडा कपचीबरोबर गेला होता. बाकीची नक्षी जशीच्या तशी. लोहारानं शीर न् शीर बोटानं चाचपली. मग भट्टीकडे पाहिलं. काम संपलं तरी जाळ भडकलेलाच होता.

"ताई, मग हा कोळसाही पानांचाच?"

"असेल. एकाच पोत्यातून आलेत ना."

न पेटलेला कोळसा त्यानं ओढून बाजूला काढला आणि जाळ मोडला.

मित्रांनो, जे घडायला युगं लागली, ते जळायला एक दुपार पुरते. कामाला लागेल तेवढं जरूर जाळा. रिकामा जाळ मात्र ठेवू नका. मी आता भट्टीवरच्या फळीवर असतो. रोज सकाळी नवं पोतं उघडतं आणि माझा जीव खालीवर होतो. लोहार फावडं भरतो, पण भट्टीत ओतत नाही. आधी कोळसा जमिनीवर पसरतो आणि बहीणभाऊ दोघं त्यात एखादा पानाचा दगड आहे का ते वाकून बघतात.