पहिला थेंब पुसायचा

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या ज्युनिअर पोरांना विचारा, ती माझी नक्कल करून दाखवतील. एक हात कमरेवर, भुवया कपाळात, आणि वर ओरडा: "घाम पुसा! टोचा! पहिला थेंब पुसून टाका! दुसरा घ्या!" क्रीडा शरीरशास्त्राच्या आमच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर हेच बडबडत असते. कारण पहिल्या थेंबात कातडीवरचा घाम मिसळतो, आणि घामात लॅक्टेट, म्हणजे आम्ही रक्तात मोजतो तेच द्रव्य, भरपूर असतं. एवढासा घाम मिसळला तरी यंत्रावरचा आकडा वाट्टेल तसा फुगतो.

आणि शेवटी गाढवपणा केला तो मीच. केला तोही कुणाच्या बाबतीत, तर सख्ख्या धाकट्या बहिणीच्या.

तिला सगळे भिंगरी म्हणतात. विद्यापीठाच्या संघात दहा हजार मीटरसाठी एकच जागा उरली होती आणि दावेदार दोघी होत्या, भिंगरी आणि तिची मैत्रीण लंबू. मैदानावर दोघींना तीनदा पळवलं. एकदा ही पुढे, एकदा ती, तिसऱ्यांदा दोघी एकाच सेकंदाला. कोच सरांनी हात टेकले. "न्या यांना प्रयोगशाळेत," म्हणाले, "जिचं रक्त जास्त वेगाला टिकेल ती आपली." भिंगरीचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही, तर विद्यापीठाचा बनियन तिच्या अंगावर कधीच चढणार नव्हता.

चाचणी तशी साधी असते. ट्रेडमिलवर पळवायचं, दर चार मिनिटांनी वेग ताशी एक किलोमीटरने वाढवायचा. प्रत्येक टप्प्यानंतर क्षणभर थांबवून बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा. अंगाला वेग झेपेनासा झाला की रक्तात लॅक्टेट साचू लागतं. आकडा चारच्या वर गेला की चाचणी संपली. जिचे चार उशिरा ओलांडतात ती लांब पळायला जास्त पक्की.

"बहिणीची चाचणी तू घेणार?" आमच्या मॅडमनी विचारलं होतं.

"का नाही? काडीची दयामाया दाखवणार नाही."

"तीच तर काळजी आहे," मॅडम हसल्या. "दोन सुया जास्त टोचशील तिला."

आधी लंबू पळाली. ताशी सोळाच्या वेगाला तिने चार ओलांडले, फारच झकास. मग भिंगरी चढली. मी मनाशी इतकं घट्ट ठरवलं होतं, बहिणीसारखं वागायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही, की डोळे नुसते स्टॉपवॉचवर. बारा, तेरा, चौदा. चौदालाच यंत्राने दाखवलं, पाच पूर्णांक दोन. मी खणखणीत आवाजात आकडा वाचला. भिंगरीने ठोके मोजणारा छातीचा पट्टा सोडला, लंबूच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेली. घरी आईने विचारलं तेव्हा म्हणाली, "रक्तातच नाही म्हणे माझ्या." हसत म्हणाली, पण नंतर ताटातलं नुसतं चिवडत बसली. पण आकडा म्हणजे आकडा, मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आलेख काढायला बसले आणि माझं डोकंच फिरलं. चौदाच्या वेगाला भिंगरीचे हृदयाचे ठोके होते मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस! अहो, हा काय दमलेल्या माणसाचा आकडा आहे? आणि मग आठवलं, त्याच टप्प्याला बाईसाहेब पळता पळता मला चिडवत होत्या. "ताई, तोंड बघ तुझं! परीक्षा माझी आहे की तुझी?" लॅक्टेट पाचच्या वर गेलेला माणूस चेष्टा करत नाही, देवाचा धावा करतो.

मी तडक टेबलाकडे धावले. पुसायचे कोरडे गॉज ज्या डब्यात असतात तो काल याच चाचण्यांसाठी नवा उघडला होता. पन्नास तुकडे. टप्प्याला एक. लंबूचे टप्पे पाच, भिंगरीचे तीन, म्हणजे उरायला हवेत बेचाळीस. मी मोजले. पंचेचाळीस. पुन्हा मोजले. पंचेचाळीसच!

म्हणजे बहिणीकडे न बघण्याच्या नादात तिच्या बोटावर एकदाही गॉज फिरला नव्हता. मंत्र म्हणणारी मी, आणि घामासकट पहिला थेंब यंत्राला पाजणारीही मीच. लाजेने मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगू? त्याच क्षणी आनंदाने नाचावंसंही वाटलं.

मॅडमच्या खोलीत कोच सर आणि लंबू यादीवर सह्या करायला आलेच होते. मी दार न ठोठावताच डबा घेऊन आत घुसले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

कोच सरांनी चष्मा काढला. "बहीण हरली म्हणून डबा मोजलास. जिंकली असती तर मोजला असतास?"

बाण नेमका लागला होता. "नसता मोजला सर," मी म्हणाले. "पण पंचेचाळीस तुकडे आहेत, तुम्हीच मोजा."

त्यांनी खरंच मोजले. मग झाकण लावून डबा मॅडमपुढे सरकवला. बोलली ती लंबू. "सर, घ्या तिची पुन्हा. अशी जागा मिळाली तर ती मला रोज मैदानावर दिसेल आणि मी रोज तोंड लपवीन."

"पुन्हा घेऊ," मॅडम म्हणाल्या. "काल चारला घेतली, आजही चारलाच. टोचणार मी. आणि तू," माझ्याकडे बोट, "काचेच्या बाहेर."

भिंगरीला शोधून आणली. तिला नीट सांगेपर्यंत माझीच जीभ चारदा अडखळली. तिने बुटांच्या नाड्या दोनदा बांधल्या.

चार वाजता मी काचेला नाक लावून बाहेर उभी. आतलं ऐकू येत नव्हतं आणि यंत्राचा आकडा दिसत नव्हता. माझा जीव असा टांगलेला बघून लंबूने आतून खूण केली, मी सांगते. आणि दर टप्प्याला ती मला बोटांनी आकडा दाखवू लागली. बारा संपला, एक बोट. तेराला एक बोट आणि दुसरं अर्धं दुमडलेलं. चौदाला दोन! काल पाच पूर्णांक दोन, आज दोन! माझ्या तोंडून किंकाळी निघाली. बाहेरून जाणारा शिपाई दचकून थांबला. "काय झालं?" "दोन!" मी ओरडले. तोही बिचारा काचेला चिकटला.

पंधराला जवळजवळ तीन. भिंगरीचे केस गालाला चिकटले होते, आता थट्टा बंद होती, पण पावलं कशी एकसारखी पडत होती! मग सोळा. काल लंबूने चार ओलांडले तो वेग. चार मिनिटं संपता संपेनात. मॅडमनी घाम पुसला, टोचलं, पहिला थेंब पुसला, दुसरा घेतला. मी तोंडाने सगळं म्हणत होते. लंबू यंत्रावर वाकली. सरळ झाली. क्षणभर तिचा हात वर जाईचना.

मग तिने तीन बोटं वर केली आणि चौथं अर्धं दुमडून धरलं. तिचे डोळे भरले होते, पण हात तसाच वर राहिला, मला नीट दिसेपर्यंत. साडेतीन.

मी दार ढकलून आत धावले. कोच सर यादीवरचं नाव खोडत लंबूला म्हणत होते, "राखीव म्हणून तू येतेयस, सामान बांध." मॅडमनी मला वाटेतच अडवलं. "अहवालात दोन्ही आकडे जातील. चूक कुणाची तेही."

"लिहा मॅडम, ठळक लिहा!"

"आणि सत्र संपेपर्यंत सुईला हात लावायचा नाही. ज्युनिअर टोचतील, तू बघशील."

"बघते," मी म्हणाले. त्या घडीला मी लादी पुसायलाही तयार होते.

भिंगरी ट्रेडमिलच्या दांड्याला धरून धापा टाकत उभी होती. मी तिच्यावरच खेकसले. "काय गं, काल तुला कळलं नाही आकडा चुकलाय ते? पाय तुझे होते ना?"

"कळत होतं," ती म्हणाली. "पाय म्हणत होते, आत्ता कुठे सुरुवात झालीये."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? भांडायचं ना माझ्याशी!"

"आकडा तू वाचलास ताई." तिने बाहीने तोंड पुसलं. "तू कधी चुकतेस का? मला वाटलं, माझे पायच खोटं बोलतायत."

मी तिला तशीच ओलीचिंब मिठीत घेतली आणि कोच सर, मॅडम, शिपाई, सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.